समजल्यासारखं हसणं

तो हसला आणि टेबलावरचे सगळे चमचे थांबले.

बरं, हसणं पण साधंसुधं नाही. मांडीवर थाप, मान मागे, डोळ्यांत पाणी, सगळं साग्रसंगीत. हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री, जेवणाची सुट्टी, लांबड्या टेबलाभोवती पाचसहा माणसं डबे उघडून बसलेली, आणि त्यात हा एकटाच हसतोय. समोर मिशीवाला. त्याचा उजवा हात अजून हवेतच होता, मोबाईल धरावा तसा, पण उलटा.

आपल्या हसण्याला साथ नाही हे हसणाऱ्याला फार लवकर कळतं. त्याने आवरतं घ्यायचा प्रयत्न केला. पण सुटलेलं हसू म्हणजे उतारावर सोडलेली हातगाडी, ती आपली आपण थांबेपर्यंत नुसतं मागून पळायचं. शेवटी त्याने ते खोकल्यात नेऊन बुडवलं आणि घटाघटा पाणी प्यायला.

मिशीवाल्याने हात खाली घेतला. डब्याला झाकण लावलं. चारही कडा अंगठ्याने नीट दाबल्या. मग उठला आणि मशिनांकडे गेला.

'काय झालं' असं विचारता आलं असतं. तेवढे शब्द होते ह्याच्याकडे. उत्तर समजण्यापुरते नव्हते. म्हणून विचारलं नाही.

आता हा माणूस मुळात कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा जन्मजातच बावळट. तसं नाही. आधीच्या गावात ह्याला नकल्या म्हणायचे. धंदा पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी पुन्हा तारेने भरून देण्याचा, पण मोटारी घेऊन येणारे लोक मोटार झाल्यावरही तासभर स्टुलावरून उठायचे नाहीत. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की ह्याच्या गळ्यात जाऊन बसायचा. एका लग्नात मांडवाच्या कापडामागे उभं राहून ह्याने वधूपित्याच्या आवाजात आचाऱ्याला फर्मावलं होतं, "वाढायला घ्या हो, किती वाट बघायची!" मंगलाष्टकं व्हायची होती आणि इकडे अर्धी पंगत जिलेबीपर्यंत पोचली. वधूपिता चिडला, मग स्वतःच हसत सुटला, आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांना ही गोष्ट स्वतः सांगत फिरला. असा माणूस.

बायको नर्स. तिला ह्या परदेशी शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आधी ती आली, मागून हा आणि लेक. लेक शाळेत गेली आणि बघता बघता इथल्या पोरांसारखी फाडफाड बोलायला लागली. बायकोला तर पेशंट बोलायला शिकवतातच. माणूस दुखायला लागला की भाषा सोपी करतो. हा लाँड्रीत लागला आणि गप्प झाला.

भाषेच्या वर्गाला घातलं होतं बायकोने. दोनदा गेला. तिसऱ्या वेळेला घरीच बसून बाईंची अशी नक्कल करून दाखवली, की लेक गादीवरून खाली पडली. बाई खडूकडे कशा बघतात, चुकीचं उत्तर आलं की नाकाने कसा श्वास घेतात, सगळं. भाषा तेवढी आली नाही. मग कामाच्या वेळा बदलल्या आणि वर्ग राहिला तो राहिलाच.

पण नकल्याच तो, अडून बसणारा नव्हे. त्याने सोय काढली. समोरचा बोलायला लागला की त्याच्या भुवया बघायच्या. भुवया वर गेल्या की हसायचं. खाली आल्या की च्यक् करायचं. खांदे उडाले की आपणही उडवायचे, म्हणजे वरच्या साहेबांविषयी चाललंय. सूर तर ह्याला जन्मापासूनच समजायचा. दहातल्या नऊ वेळा बरोबर जमायचं. लाँड्रीतले लोक त्याला काय म्हणतात हे लेकीने एकदा ऐकून येऊन सांगितलं.

"बाबा, तिथे तुझं नाव शांतोबा आहे."

"काय?"

"म्हणजे तसंच काहीतरी. गप्प बसणारा भला माणूस."

बायको ओट्याला टेकून इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. तोही हसला. जरा उशिराने.

मिशीवाला त्याचा जोडीदार. तोही इथला नव्हेच. कुठल्याशा तिसऱ्याच देशातून तरुणपणी आलेला, इथली भाषा आपल्या पद्धतीने पण धबधब्यासारखी बोलणारा. दोघांचं काम असं, की इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादर बाहेर पडली की एकाने हे टोक धरायचं, दुसऱ्याने ते. ताणायची, चालत एकमेकांपाशी यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. दिवसभर दोन बाप्ये एकमेकांकडे येतात आणि लांब जातात. आणि येताना जाताना मिशीवाला बोलतो. पहिल्या चादरीला सुरू केलेली गोष्ट जेवणाच्या घंटेपर्यंत चालायची. नकल्या हसायचा, च्यक् करायचा, खांदे उडवायचा. मध्येच मिशीवाला थांबून त्याच्या दंडावर थोपटायचा, कारण इतका जीव लावून ऐकणारा माणूस त्याला इतक्या वर्षांत भेटला नव्हता.

थट्टाही चालायची. नकल्याने एकदा त्याच्या कोटाच्या दोन्ही बाह्या आतून टाचून ठेवल्या. मिशीवाला त्या कोटाशी बराच वेळ कुस्ती खेळला. दुसऱ्या दिवशी नकल्याच्या बुटांत गाऊनची तुटलेली बटणं निघाली, काठोकाठ. थट्टेला शब्द लागत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाला फोन केला, की नकल्या पुन्हा नकल्या व्हायचा.

"आमचा मिशीवाला आज काय म्हणाला माहितेय का?"

"काय रे दादा?"

मग दादा रंगवून सांगायचा. मेव्हण्याने गाढव विकलं ते कसं दुसऱ्या दिवशी परत घरी आलं. नावेतून वरात निघाली आणि नवरदेव काठावरच राहिला. तिकडे फोन स्पीकरवर असायचा, अख्खं घर हसायचं. भाऊ म्हणायचा, "दादा, तुझा मिशीवाला एकदा घेऊन ये इकडे."

जेवताना तो हसला, त्या दिवशी दुपारी मात्र चादरी मुक्याने निघाल्या. मिशीवाला येत होता, टोक देत होता, जात होता. बघत होता ते चादरीकडे. लाँड्रीची मुकादमबाई आली. तिने छातीवर हात ठेवून, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं काहीतरी सांगितलं. नकल्याच्या तोंडावर हसू येतच होतं, ते त्याने गिळलं आणि मान डोलावली. मुकादमबाई त्या डोलणाऱ्या मानेकडे बघत राहिली. मग कपाळाला हात लावून तिने वर वॉर्डात फोन लावला.

संध्याकाळी बायको घरी आली आणि चपलाही न काढता म्हणाली, "बसा."

"बसलोच आहे. काय झालं?"

"मुकादमबाईंचा फोन होता मला. तुम्ही हसलात म्हणे."

"हसलो. मग? आता हसायचीही बंदी आहे का?"

"त्याची आई गेली."

"कोणाची?"

"मिशीवाल्याची. तिकडे, त्याच्या देशात. ह्याला जाता आलं नाही. भाच्याने फोनवर सगळं दाखवलं. पण त्या पोराने फोन उलटा धरला होता, गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्याला नुसतं आभाळ दिसत राहिलं आणि लोकांच्या चपला. हा इकडून ओरडतोय, फोन सरळ धर म्हणून. आईचं तोंड काही दिसलं नाही. हे सांगत होता तो."

नकल्याने आपला उजवा हात वर केला, मोबाईल धरावा तसा, आणि उलटा केला. "असं केलं होतं त्याने."

"हो ना."

"मला वाटलं, फोटो काढताना काहीतरी गंमत झाली."

बायकोने चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. "पण तुम्ही तर दिवसभर बोलत असता दोघं. तुम्हीच सांगता ना, मिशीवाला असं म्हणाला न् तसं म्हणाला. ते गाढवाचं नाही का सांगितलंत?"

"ते मी बनवलं होतं."

"आणि नावेतल्या वरातीचं?"

"तेही. तो चादर धरल्याधरल्या वल्हवल्यासारखं करत होता, त्यावरून मी आपलं..."

"अहो, मग त्याने खरं काय सांगितलं होतं?"

"मला काय माहीत?"

'वर्गाला जा म्हणत होते' हे बायकोच्या ओठांवर आलं होतं, ते त्याला स्पष्ट ऐकू आलं. तिने ते गिळलं आणि कणीक मळायला घेतली, हे जास्त लागलं.

लेकीला बोलावण्यात आलं. लेक आली ती कानातली बोंडं काढतच. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, तू खरंच?"

"तू भाषण देऊ नकोस. मला वाक्य सांग."

"कसलं?"

"तुझी आई गेली, मला वाईट वाटलं. असं."

लेकीने सांगितलं. त्याने म्हटलं. एकदम बरोबर आलं. तिची मान वाकडी करण्याची लकबही आली.

"आणि दुसरं," ओट्यापासून बायको म्हणाली, "मी हसलो, कारण मला कळलं नव्हतं."

"ते नको."

"का?"

"पहिलं पुरे आहे. वाईट वाटलं म्हटल्यावर झालं की."

"काय झालं?" लेक म्हणाली. "त्याला वाटेल तू मुद्दाम हसलास आणि आता सॉरी म्हणायला आलायस. उलट वाईट."

"अगं पण दुसरं म्हटलं तर त्याला कळेल ना."

"काय कळेल?"

नकल्याने टेबलावरचं मीठ उचललं, पुन्हा ठेवलं. "की नुसतं हेच नाही. मागचंही."

लेक आईकडे बघायला लागली. आई पोळी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही, मागे वळलीही नाही. "तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाली.

त्याने दोन्ही वाक्यं पाठ केली. बसमध्ये केली, जिन्यात केली, दाढी करताना केली. नकल्याला पाठ करायला काय लागतंय. अर्थ मात्र प्रत्येक वेळी नव्याने बसवावा लागायचा, कुठला आवाज म्हणजे 'आई', कुठला आवाज म्हणजे 'नव्हतं'. मिशीवाला कामावर येत होता. चादरी निघत होत्या. पण सुट्टीत तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीवर कपडे नेणाऱ्या ड्रायव्हरशेजारी बसायला लागला होता. मुकादमबाईने जोड्या बदलायचंही काढलं, हे ह्याला खुणांवरून कळलं. नव्या जोडीदाराकडे बोट दाखवून तिने भुवया उडवल्या, तेव्हा नकल्याने मान डोलावली नाही, हलवली. नाही म्हणून. मुकादमबाईला इतकं आश्चर्य वाटलं, की तिने तो विषय तिथेच सोडला.

त्याच दिवशी सुट्टीत तो डबा घेऊन उठला आणि टेबलाच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिला. सगळ्यांनी वर बघितलं. शांतोबा सहसा जागा बदलत नसे.

त्याने पहिलं वाक्य म्हटलं.

शब्द सगळे बरोबर आले. घोटाळा असा झाला, की ते लेकीच्याच आवाजात आले. शाळकरी पोरीचा हेल, शेवटच्या शब्दाला दिलेली ओढ, मानेचा झोका, सगळं जसंच्या तसं. एवढ्या वर्षांत कधी तोंड न उघडलेला टकला माणूस तोंड उघडतो आणि आतून चौदा वर्षांची पोरगी बोलते. ड्रायव्हरच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला. त्याच्या शेजारच्याने रुमालात तोंड लपवलं.

आधीच्या गावात नकल्याने ह्या हशासाठी काय वाटेल ते केलं असतं. इथे त्याचे कान तापले.

मिशीवाला हसला नाही. त्याने ड्रायव्हरकडे नुसतं बघितलं, ड्रायव्हर गप्प झाला. मग तो नकल्याकडे वळला आणि वाट बघायला लागला. त्याला कळलं होतं, की अजून काहीतरी यायचंय.

इथेच थांबता आलं असतं. मिशीवाल्याचा हात थोडासा उठलेलाही होता, दंडावर थोपटायला उठायचा तसा. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं पुन्हा सुरू झालं असतं, गोष्टी, बटणं, कोट, सगळं.

नकल्याने दुसरं वाक्य म्हटलं. ह्या वेळी हळू, आणि लेकीचा आवाज बाजूला ठेवून. मग स्वतःचा असा आवाज त्या भाषेत ह्याच्याकडे नव्हताच, त्यामुळे ते अडखळत, तुटक आलं. मी हसलो. कारण. मला कळलं नव्हतं.

मिशीवाल्याचा उठलेला हात टेबलावर परत गेला. त्याने शेजारची खुर्ची पायाने सरकवली. नकल्या बसला.

मिशीवाल्याने थोडा विचार केला आणि लहान लहान शब्द वापरून विचारलं. लहान होते म्हणून नकल्याला कळले.

"आधीचं? चादरी घेताना? मी बोलत होतो ते?"

नकल्याने मान हलवली.

"माझं घर? अंगणातलं झाड?"

नाही.

"माझी बायको? कशी भेटली ते?"

नाही.

मिशीवाल्याने दोन्ही मुठी धरून वल्हवल्यासारखं केलं. "माझा भाऊ? पाणी? परत आला नाही?"

नकल्या बघत राहिला. त्या गोष्टीला आपण काय केलं होतं, च्यक् केलं होतं की हसलो होतो, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. भुवया वर होत्या की खाली? आठवेना. फोनवर अख्खं घर कसं हसलं होतं, तेवढं आठवलं.

त्याने मान हलवली.

मिशीवाला मागे टेकला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, राग नकल्याला कुठल्याही भाषेत कळायचा. तो चारचौघांत खिसे चाचपावेत आणि पाकीट सापडू नये, तसा दिसत होता. मग त्याने एक विचारलं, जवळजवळ स्वतःलाच.

"गुडघा?"

उजवा गुडघा. तो जिना उतरताना धरतो, थंडीत चोळतो, तो नकल्याने रोज बघितला होता.

"गुडघा हो," नकल्या म्हणाला. "गुडघा माहीत आहे."

मिशीवाल्याने मान डोलावली. टेबलावरचे बाकीचे लोक आपापल्या जेवणाला लागले होते. दोघंही डबे न उघडता बसले. नकल्याला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. की मी असा नाही. की मला एक पाच मिनिटं मराठीत दे, मग बघ. की तुझ्या बोलण्याचा सूर मला तोंडपाठ आहे, तू श्वास कुठे घेतोस, आवाज कुठे उतरवतोस, सगळं करून दाखवतो, फक्त तू काय म्हणालास ते विचारू नकोस. ह्यातलं काहीही सांगण्यासारखं नव्हतं. त्याने आपल्याजवळचे शब्द चाचपले आणि दोनच हाताला लागले.

"आई," तो म्हणाला. "सांग."

मिशीवाल्याने त्याच्याकडे बघितलं. खरंच विचारतोयस का, असं. मग खुर्ची थोडी वळवून बसला.

"आई," तो म्हणाला.

नकल्याने मान डोलावली.

"म्हातारी."

हाही शब्द येत होता.

मग एक शब्द आला तो नकल्याला कळला नाही. त्याची मान सवयीने डोलायला निघाली. त्याने ती थांबवली आणि म्हणाला, "कळलं नाही."

मिशीवाल्याने तो शब्द पुन्हा म्हटला. पुन्हा कळला नाही. तेव्हा त्या जाड मिशांच्या माणसाने दोन्ही कोपर बाहेर काढले आणि भर जेवणाच्या टेबलावर पंख फडफडवले, मान पुढेमागे केली, टेबलावरचा एक दाणा टिपला.

कोंबड्या. आई कोंबड्या पाळायची.

नकल्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलली नाही.

"कोंबड्या," मिशीवाला इथल्या भाषेतला शब्द सावकाश म्हणाला.

"कोंबड्या," नकल्या म्हणाला.

"चांगली," मिशीवाला म्हणाला. "आई. चांगली."

पुढे सांगायला त्याने तोंड उघडलं. मोठं काहीतरी होतं, चार चादरी पुरेल असं, ते गळ्यापर्यंत आलेलं नकल्याला दिसलं. मिशीवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, थोडा वेळ शब्द शोधले, आणि तोंड मिटलं.

"चांगली," तो पुन्हा म्हणाला.